फोटो छापायला देताना रिझोल्युशन कसं बघायचं?



गेल्या वर्षी चौथीच्या निरोप समारंभाचा गटफोटो ए-४ आकारात छापून प्रत्येक मुलाला द्यायचं ठरलं. छपाईवाले दादा म्हणाले, "मॅडम, ३०० डीपीआयमध्ये पाठवा." मी फोटो संगणकावर उघडला, ७२ च्या जागी ३०० टाकलं आणि पाठवून दिला. छापून आला तर सगळे चेहरे धूसर! चूक माझीच.

फोटो पिक्सेलचा, म्हणजे रंगीत ठिपक्यांचा बनलेला असतो. ठिपक्यांची रांगोळी आठवा. तेवढेच ठिपके मोठ्या अंगणभर पसरले, तर ते विरळ होणारच ना! डीपीआयचा आकडा फक्त एवढंच सांगतो, की छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे. आकडा बदलला म्हणून नवा तपशील येत नाही. काही सॉफ्टवेअर ठिपके वाढवून देतात, पण ते अंदाजाने भरलेले असतात. डोळ्यांची पापणी त्यातून परत येत नाही.

आता गणित करू. ए-४ कागद साधारण ११.६९ × ८.२७ इंच. प्रत्येक बाजूला ३०० ने गुणा: जवळपास ३५०८ × २४८० पिक्सेल हवेत. माझा फोटो होता १६०० × १२००. म्हणजे १६०० भागिले ११.६९, इंचाला जेमतेम १३७ ठिपके. हाच फोटो ६ × ४ इंचात छापला असता तर इंचाला २६७ मिळाले असते आणि छान दिसला असता! (पाचवी-सहावीच्या मुलांना हे उदाहरण जरूर द्या, गुणाकार-भागाकार आवडीने करतात.)

एवढे कमी पिक्सेल कुठून आले? व्हॉट्सॲपवरून. तिथे साधा फोटो पाठवला की तो लहान होतो. छापायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर सरळ केबलने घ्या.

एक्स्पोर्ट करताना 'क्वालिटी'ची पट्टीही दिसते. ती वेगळी गोष्ट. ती कमी केली तरी पिक्सेल तेवढेच राहतात. फाईल हलकी होते, पण कडा खराब होतात. छपाईसाठी ती ९० च्या आसपास ठेवते मी. ऑनलाइन फॉर्मला ५० केबीची अट असेल तर आधी पिक्सेल कमी करा, मग क्वालिटी. आणि हे सगळं कॉपीवर करा हं, मूळ फोटोवर नाही.

आमचा मूळ फोटो शेवटी एका पालकांच्या मोबाईलमध्ये सापडला, ४००० × ३००० चा. पुन्हा छापला, या वेळी मागच्या रांगेतली पोरंही ओळखू आली.