जीभ लहान, काम मोठे

आपल्या शरीरात जीभ केवढीशी! पण तिचे काम मोठे. बायबलात याकोबाचे पत्र आहे. त्याच्या ३ ऱ्या अध्यायात जिभेविषयी सांगितले आहे. घोडा लगामाने वळतो. मोठे जहाज लहानशा सुकाणूने वळते. एका ठिणगीने सारे रान पेटते. जीभही तशीच.

याकोब विचारतो, एकाच झऱ्यातून गोड आणि कडू पाणी निघेल काय? ज्या तोंडाने देवाची स्तुती करायची, त्याच तोंडाने माणसाला शाप द्यायचा, हे बरे नव्हे. कारण माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांनी मराठीत पुष्कळ भजने रचली. मराठी ख्रिस्ती मंडळी ती आजही गातात. पण रविवारी तोंडी भजन आणि सोमवारी बायकोला शिवी! मग त्या भजनाचे मोल काय राहिले?

आम्ही पुष्कळ वर्षे मुले शिकवली. मूल शिवी पुस्तकातून शिकत नाही. ते घरात ऐकते, तेच बोलते.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात, ४ थ्या अध्यायात, आणखी एक शिकवण आहे. नुसते वाईट बोलायचे टाळून भागत नाही. ऐकणाऱ्याचे भले होईल असे बोलावे. सून शेतातून दमून आली, तर "बस गं, पाणी पी" म्हणावे. मुलगा चुकला, तर चूक दाखवावी. त्याचा बाप काढू नये. राग आला, तर थोडे थांबावे.

तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही. म्हणून आधी तोलावे, मग बोलावे.