तेलात पाणी आले कुठून?

"इंजिन ऑइल दुधाळ झाले तर काय कराल?" असे व्हायव्हात विचारले की आपण सगळे एका सुरात सांगतो, "सर, ऑइल बदलू." मीही एकदा हेच सांगितले होते. त्याची किंमत बाबांनी मोजली.

आमचे शेत उमरखेड तालुक्यात, पैनगंगेच्या काठाला. जुलै २०२३ च्या पुरात नदीवरचे पाच एचपीचे डिझेल इंजिन बुडाले. त्याच दिवसांत शेजारच्या महागाव तालुक्यात आनंदनगर येथे अडकलेल्या लोकांना बोटींनी बाहेर काढावे लागले होते. पूर ओसरल्यावर पाहतो तर ऑइल दुधाच्या चहासारखे. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला. ऐटीत म्हटले, "पुराचं पाणी घुसलं बाबा. ऑइल बदला, झालं." बदलले, इंजिन सुरू झाले, घरात माझा भाव वाढला!

डिसेंबरात गव्हाला पाणी सुरू केले आणि आठ दिवसांत हॉस्टेलवर फोन आला. इंजिन ठोकत होते, ऑइल पुन्हा चहा. बाबा म्हणाले, "आता तं पूर नाही ना. कॉलेजात शिकून राह्यला तू, मंग सांग, हे पाणी कोठून आलं?"

शनिवारी घरी गेलो. मिस्त्रीकाकांनी जे शिकवले ते असे.

आधी खात्री करा. ऑइल न टाकता डिपस्टिकवर पातळी वाढली असेल तर संशय घ्या. इंजिन रात्रभर बंद ठेवून सकाळी ड्रेन प्लग हळूच सैल करा. तेलाची घनता सुमारे ०.८८, पाण्याची १. म्हणून सुटे पाणी तळाला बसते आणि आधी बाहेर येते. पाणी तेलात फेटले गेले असेल तर ते असे वेगळे निघत नाही. मग सुमारे १५० अंश तापलेल्या तव्यावर ऑइलचा एकच थेंब टाका, डोळ्यांना गॉगल लावून. तडतडले तर पाणी आहे. फक्त झाकणाखाली लोण्यासारखा थर आणि खालचे ऑइल स्वच्छ असेल तर ती बहुधा वाफ गोठलेली असते. इंजिन नीट गरम होईपर्यंत चालवून पुन्हा बघा.

मग वाट शोधा. पूर-पावसाचे पाणी ब्रीदरमधून किंवा सायलेन्सरमधून एकदा येते. ऑइल बदलल्यावर परत येत नाही. हेड गॅस्केट गेले असेल तर इंजिन चालू असताना बाहेर पडणाऱ्या पाण्यात बुडबुडे दिसतात. लायनरच्या खालच्या रबरी रिंगा गेल्या असतील तर इंजिन बंद असतानाही पाणी ठिबकते. आम्ही जॅकेट पाण्याने भरून ठेवले, क्रँककेसचे झाकण उघडले, खाली कोरडा कागद ठेवला. सकाळी कागद ओला! पुराने फक्त जुने दुखणे झाकून ठेवले होते.

रबरी रिंगा किरकोळ किमतीच्या. पण पाण्यामुळे तेलाचा थर तुटून कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग खाल्ले गेले होते. क्रँक ग्राइंडिंगला पाठवावी लागली आणि गव्हाची एक पाळी चुकली.

आमच्या इंजिनाला थंड करायला पंपाचेच नदीचे पाणी फिरते. पुष्कळ बोटींच्या इंजिनांतही बाहेरचे पाणी असेच आत घेतात, म्हणून रोग तोच. तिथे ऑइल कूलरही तपासावा लागतो, आणि समुद्राचे खारे पाणी असेल तर गंज फार लवकर धरतो. पुरात वापरायच्या बोटीला मागे आउटबोर्ड इंजिन असते. त्याच्या खालच्या गिअरचे ऑइल वेगळे. पंख्याच्या शाफ्टला जाळ्याची दोरी गुंडाळली की सील कापले जाते आणि ते ऑइल दुधाळ होते. इथेही नुसते ऑइल बदलून भागत नाही. आमचे इंजिन बंद पडले तेव्हा गहू सुकला. भर पुरात बोटीचे बंद पडले तर माणसे अडकतात.

आणखी एक. बुडालेले इंजिन लगेच सुरू करू नका. सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी इंजेक्टर काढून हाताने फिरवा, पाणी बाहेर काढा.

तेव्हा व्हायव्हात हा प्रश्न आला तर सांगा, "सर, पाणी कुठून आलं ते आधी शोधू, मग ऑइल बदलू." मला हे उत्तर पुस्तकाआधी बाबांच्या प्रश्नाने शिकवले.