मेजाचा जीर्णोद्धार

[घरातील जुनी वस्तू मोडकळीस आली, की ती टाकून द्यावी की दुरुस्त करून वापरात आणावी? दुरुस्त करावयाची, तर तिच्यातील काय बदलावे आणि काय राखावे? एका शेतकरी कुटुंबातील मेजाच्या निमित्ताने प्रस्तुत पाठात या प्रश्नांचा विचार केला आहे.]

आपल्याकडे जेवणाची पंगत पाटावर बसत असे. शेतकऱ्याच्या घरी मेज असलेच, तर ते जेवणासाठी नव्हे, कामासाठी असे. कोकणातील एका आंबा बागायतदाराच्या पडवीत असेच एक लांबलचक सागवानी मेज होते. तीन पिढ्या त्यावर आंबे निवडले गेले, पेट्या भरल्या गेल्या. पुढे या कामाची सोय दुसरीकडे झाली आणि मेज गोठ्याशेजारी जाऊन पडले. त्यावर निळ्या रंगाचे थर होते, एक पाय डगमगत होता, मधल्या फळीला चीर गेली होती. जुने सामान घेणारा व्यापारी त्याची किंमतही सांगून गेला.

त्याच सुमारास घरातील आजींना गुडघेदुखीमुळे पाटावर बसणे अशक्य झाले. त्या एकट्याच खुर्चीवर बसून जेवू लागल्या. सर्वांच्या मनाला हे लागले. तेव्हा घरात ठरले, की मेज विकावयाचे नाही. ते दुरुस्त करून त्याच्याभोवती सर्वांनी मिळून जेवावयाचे.

गावातील वृद्ध सुतारांस बोलावणे गेले. त्यांनी आल्याबरोबर हत्यार उचलले नाही. मेज उलटे करून ते घटकाभर न्याहाळले आणि निर्वाळा दिला, "लाकूड निरोगी आहे. सांधे तेवढे सैल झाले आहेत."

सागवान मोठे दीर्घायुषी. त्यातील नैसर्गिक तेलामुळे वाळवी व पाणी यांस ते दीर्घकाळ दाद देत नाही. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. जीर्णोद्धार झालेली ती नौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाहावयास मिळते. मग पडवीतल्या मेजाची काय कथा!

प्रथम रंग काढावयाचा होता. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. शिसे विषारी आहे. मुलांच्या मेंदूस ते विशेष अपाय करते. घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा घालणारे नियम भारतात २०१६ साली झाले. म्हणून जुना रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. सुतारांनी मुलांना दूर पाठविले, तोंडावर धूळ अडविणारी मुखपट्टी बांधली, रंग ओला करून पात्याने खरवडला आणि खरवड गोळा करून पिशवीत बंद केली.

नंतर पायांकडे लक्ष दिले. मेज उभ्याने काम करण्यासाठी केलेले, म्हणून उंच होते. ओलीने कुजलेली पायांची टोके कापताच त्याची उंची सुमारे ७५ सेंटिमीटर झाली. जेवणास हीच सोयीची. आडव्या पट्टीचे कुसू पायाच्या खाचेत बसविलेले असते. जुना सरस सुकल्याने ते हलू लागले होते. कोमट पाण्याने तो सरस काढून सुतारांनी नवा लावला व शिकंज्याने सांधा रात्रभर आवळून ठेवला. खिळा मात्र मारला नाही.

फळीला चीर पडण्याचे कारण तो खिळाच होता. लाकूड पावसाळ्यात रुंदीने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. लांबीत फारसा फरक पडत नाही. पूर्वी कोणी तरी फळी खिळ्यांनी जखडून टाकली होती. तिला आकसावयास वाव न राहिल्याने ती फाटली. सुतारांनी चिरेत सागाची बारीक पट्टी बसविली आणि लांबट छिद्रांतून स्क्रू घालून फळीला हलण्यापुरती मोकळीक दिली.

आता नातू पुढे झाला. "सुतारकाका, या कडेवर किती खाचा आहेत! रंधा मारून कड सपाट करून टाका ना."

"अरे, त्या खाचा कशाच्या, ते आजींना विचारलेस का?"

आजी म्हणाल्या, "माझ्या मामंजींना लिहिता-वाचता येत नव्हते. शंभर पेट्या भरल्या, की ते एक खाच पाडीत. त्यांची हिशेबाची वही हीच!"

नातवाने कडेवरून हळूच बोट फिरविले आणि तो खाचा मोजू लागला. सुतार म्हणाले, "रंध्याने गेलेले लाकूड परत येत नाही, बाळ. म्हणून रंधा शेवटी, आणि तोही जरुरीपुरता." त्यांनी बारीक काचकागदाने कडेवरील कुसळे तेवढी काढली. खाचा तशाच राहिल्या.

शेवटी जवसाच्या तेलाचे हात दिले; पहिला हात पुरता सुकल्यावर दुसरा. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास आपोआप तापून पेट घेऊ शकतात. म्हणून त्या पाण्यात बुडवून ठेवल्या.

त्या रात्री आजींची खुर्ची वेगळी राहिली नाही. मेज नव्यासारखे दिसत नव्हते आणि तसे दिसावे, अशी आता कोणाची इच्छाही नव्हती. जीर्णोद्धार म्हणजे वस्तूचे वय पुसणे नव्हे. तिला पुन्हा कामास लावणे आणि पूर्वजांच्या श्रमांची खूण जपणे, हाच खरा जीर्णोद्धार होय.

शब्दार्थ
निर्वाळा – खात्रीपूर्वक दिलेले मत
कुसू – खाचेत बसविण्यासाठी कोरलेले लाकडाचे टोक
सरस – लाकूड चिकटविण्याचा पदार्थ
शिकंजा – सांधा आवळून धरण्याचे साधन
मामंजी – सासरे

स्वाध्याय
१. मेज न विकण्याचा निर्णय कुटुंबाने का घेतला?
२. कारणे द्या : (अ) जुना रंग कोरडा घासू नये. (आ) मधल्या फळीला चीर पडली.
३. 'रंधा शेवटी, आणि तोही जरुरीपुरता' या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
४. तुमच्या घरातील एका जुन्या वस्तूची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवून दहा ओळी लिहा.