गतकाळच्या एका हंगामाची भाग्यपत्रिका

खेळांत जय कोणाचा झाला हें सर्वांस दिसतें. परंतु तो जय मिळविण्याची संधि कोणाकोणास मिळाली होती, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही थोड्याशा अंकगणिताच्या साहाय्यानें याच प्रश्नाचा विचार करणार आहों.

शालेय सांघिक स्पर्धांत तालुक्याचा विजेता संघ जिल्ह्यास जातो, जिल्ह्याचा विभागास व विभागाचा राज्यास. आपल्या पारनेर तालुक्यांत दुसरा आलेला संघ कितीही चांगला असला तरी घरीं परततो. दुसऱ्या एखाद्या तालुक्याच्या विजेत्यास त्यानें कदाचित् हरविलेंही असतें. पण तशी वेळच येत नाहीं. यास अन्याय म्हणावें काय? उत्तर देण्यापूर्वीं स्पर्धेचे नियम नीट समजून घेऊं.

स्पर्धा चालविण्याच्या मुख्य पद्धति दोन. साखळी पद्धतींत प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशीं खेळतो. ५ संघ असल्यास प्रत्येकाचे ४ सामने, म्हणजे एकूण २०. परंतु यांत प्रत्येक सामना दोनदां मोजला गेला, म्हणून त्याचें अर्ध, १०. बाद पद्धतींत हरलेला संघ स्पर्धेंतून बाहेर पडतो. प्रत्येक सामन्यांत एक संघ बाद होतो व शेवटीं एकच उरतो. म्हणून सामन्यांची संख्या संघांच्या संख्येहून नेहमीं एकानें कमी असते.

संघांची संख्या ४, ८, १६ अशी असेल तर जोड्या सरळ लागतात. नसेल तर या ओळींतील पुढील संख्या घेऊन तींतून संघसंख्या वजा करावी, आणि जी बाकी राहील तितक्या संघांस पहिल्या फेरींत न खेळतां ‘पुढें चाल’ द्यावी. या सर्व जोड्या ज्या तक्त्यावर मांडतात त्यास भाग्यपत्रिका म्हणतात. परंतु चांगल्या भाग्यपत्रिकेंत भाग्याचा वांटा जितका थोडा तितकें बरें.

आतां रणजी करंडकाचें उदाहरण घेऊं. ही स्पर्धा १९३४ सालीं सुरू झाली व प्रारंभीं ती बाद पद्धतीची होती. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ अशीं दोन वर्षें ओळीनें ती जिंकली. १९५७-५८ पासून नियम बदलला. देशाच्या पांच विभागांत साखळी सामने होऊं लागले, आणि प्रत्येक विभागांतील पहिला संघ तेवढा बाद फेरीसाठीं घेतला जाऊं लागला. पश्चिम विभागांत मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, बडोदें व सौराष्ट्र असे पांच संघ. त्यांतून पुढें जाणार एक.

या नियमाचा पहिलाच फटका बलाढ्य मुंबईस बसला. मुंबईनें १९५५-५६ व १९५६-५७ या दोन्ही वर्षीं करंडक जिंकला होता, आणि पुढें १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत तिनें तो ओळीनें १५ वेळां जिंकला. मधल्या एकाच वर्षीं, १९५७-५८ मध्यें, बडोदें पश्चिम विभागांत पहिलें आलें, अंतिम सामन्यांत सेनादलास हरवून विजेतें ठरलें, आणि मुंबईस बाद फेरीचें दार बंद राहिलें. त्या वर्षीं प्रत्येक विभागांतून दोन संघ घेतले असते तर?

गेलेल्या हंगामाविषयीं अशी कल्पना करणें हा केवळ पोरखेळ नव्हे. अमेरिकेंतील महाविद्यालयांत फुटबॉल या नांवाचा जो खेळ चालतो (त्यांतील चेंडू लांबट असून तो बहुधा हातांत घेऊन पळावयाचा किंवा फेंकावयाचा असतो), त्यांतील वरच्या श्रेणीचा विजेता अनेक दशकें मैदानावर ठरतच नसे. १९३६ पासून वृत्तपत्रलेखकांच्या मतांनीं क्रमवारी लावली जाई. १९९८ च्या हंगामापासून पहिल्या दोन संघांचा सामना होऊं लागला, २०१४ पासून चार संघांची व २०२४ पासून बारा संघांची बाद फेरी सुरू झाली. बारा संघ म्हणजे १६ वजा १२, चार संघांस पुढें चाल. आपला नियम तेथेंही लागू पडतो. जुन्या हंगामांत अशी फेरी झाली असती तर कोण कोणाशीं खेळलें असतें, याचे तक्ते तेथील क्रीडाप्रेमी लोक मोठ्या आवडीनें मांडतात.

तसाच तक्ता आपण १९५७-५८ चा मांडूं. पांच विभागांचे पांच पहिले व पांच दुसरे मिळून संघ १०. सामने ९. पुढें चाल १६ वजा १०, म्हणजे ६ संघांस. पहिल्या फेरींत उरलेल्या ४ संघांचे २ सामने. मग ८ संघांचे ४, नंतर २ उपांत्य व १ अंतिम.

चाल कोणास द्यावी? साखळींत पहिला क्रमांक मिळविणें हें श्रमाचें फळ आहे. म्हणून पांचही विभागविजेत्यांस प्रथम चाल द्यावी. एकाच विभागांतील दोन संघ एकमेकांशीं आधींच खेळलेले असतात. म्हणून त्यांस तक्त्याच्या दोन वेगळ्या अर्धांत ठेवावें. वरच्या अर्धांत तीन पहिले व दोन दुसरे, खालच्या अर्धांत दोन पहिले व तीन दुसरे बसतील. खालच्या तीन दुसऱ्यांपैकीं एकास सहावी चाल चिठ्ठी टाकून द्यावी. भाग्याचें काम येथें एवढेंच. बडोदें वर व सेनादल खालीं ठेवलें तर पश्चिम विभागाचा दुसरा संघ सेनादलाच्या अर्धांत येतो, आणि बडोद्याशीं पुन्हां दोन हात करावयाचे तर त्यास अंतिम सामन्यापर्यंत मजल मारावी लागते.

ही कल्पना पुढें प्रत्यक्षांत आली. १९७०-७१ पासून प्रत्येक विभागांतून दोन संघ घेण्यांत येऊं लागले, आणि त्याच वर्षीं अंतिम सामना झाला तो मुंबई व महाराष्ट्र या एकाच विभागांतील दोन संघांमध्यें. मुंबईचे वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर यांच्यासारखे खेळाडू त्या वेळीं वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालीं उरलेल्या संघानें महाराष्ट्रास हरवून करंडक राखला. जुना नियम असता तर या दोघांपैकीं एकच पुढें गेला असता, व हा सामना झालाच नसता.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. तक्ता संधि कोणास मिळावी हें सांगतो. विजय कोणाचा झाला असता हें तो सांगूं शकत नाहीं. तें काम मैदानाचें. दुसरी गोष्ट अशी कीं, नंतर सुचलेल्या नियमानें आधींचें यश हिरावून घेतां येत नाहीं. बडोद्यानें १९५७-५८ चा करंडक सर्वांस ठाऊक असलेल्या नियमांनीं जिंकला. त्यास उणेपणा आणणें हा नवा अन्याय होईल.

आतां तालुक्याच्या दुसऱ्या संघाकडे वळूं. तो नियमानें घरीं परतला, यांत कोणी त्याची फसवणूक केली नाहीं. परंतु नियमच अधिक उदार करतां येतो. त्यास मोल मात्र द्यावें लागतें. पांच संघांच्या जागीं दहा घेतले कीं ४ सामन्यांचे ९ होतात. दिवस, प्रवास व खर्च वाढतो. एखादा सामना अधिक ठेवून एखाद्या गुणी संघास आणखी एक संधि मिळत असेल, तर तें मोल फार नाहीं असें आम्हांस वाटतें. पालकांनीं व क्रीडाशिक्षकांनीं याचा विचार करावा.

विद्यार्थ्यांसाठीं उदाहरण : एका स्पर्धेंत १३ संघ आहेत. बाद पद्धतीनें एकूण सामने किती होतील? पुढें चाल किती संघांस मिळेल? पहिल्या फेरींत सामने किती? तक्ता मांडून उत्तर पडताळून पाहावें. (उत्तर : १२, ३ व ५.)