एका संदेशाचा पदपरिस्फोट

वाक्यपृथक्करण व पदपरिस्फोट आपण वर्गांत नित्य करतों, आणि “याचा व्यवहारांत उपयोग काय?” हा प्रश्नही आम्ही नित्य ऐकतों. म्हणून आज व्यवहारांतलाच एक उतारा घेऊं. गेल्या जून महिन्यांत आमच्या नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याच्या मातोश्रींस मोबाईलवर पुढील मजकूर आला:

“प्रिय ग्राहक, आपलें बँक खातें आज रात्रीं बंद होईल. के. वाय. सी. पूर्ण करण्यासाठीं खालील लिंक उघडा.”

प्रथम कर्ता शोधूं. खातें बंद करणारा कोण? मजकुरांत बँकेचें नांवच नाहीं, आणि शिरोभागीं साधा दहा अंकी मोबाईल क्रमांक आहे. बँकेच्या संदेशावर असा क्रमांक नसतो. तेथें बँकेचें नोंदविलेलें अक्षरी नांव असतें. २०२५ सालापासून त्या नांवापुढें एक अक्षरही येतें: ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ सेवा, ‘टी’ व्यवहार व ‘जी’ सरकार. तथापि एवढ्यावरच विसंबूं नये. अशा नांवांचाही दुरुपयोग झालेला आहे. “प्रिय ग्राहक” या संबोधनावरून मात्र कांहींच सिद्ध होत नाहीं, कारण खऱ्या बँकाही तें वापरतात.

आतां “आज रात्रीं” हें कालवाचक क्रियाविशेषण पाहा. सारें विष याच पदांत आहे. वाचणाऱ्यास कोणास विचारण्याची उसंतच मिळूं नये, एवढ्यासाठींच तें घातलेलें असतें. वास्तविक रिझर्व्ह बँकेच्या २०२५ सालच्या नियमाप्रमाणें के. वाय. सी.ची मुदत संपण्यापूर्वीं बँकेनें ग्राहकास निदान तीन सूचना द्यावयाच्या असतात, व त्यांतील एक तरी पत्रानें.

राहिली लिंक. पत्ता वाचतांना पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगत मागें काय आहे तें पाहावें. मध्येंच कोठें बँकेचें नांव दिसलें म्हणून भुलूं नये. भारतांतील बँकांनीं आपलीं संकेतस्थळें ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या नांवाखालीं आणावीं, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. तरीही संदेशांतील लिंक न उघडतां पासबुकावरील किंवा कार्डाच्या पाठीमागील क्रमांकावर स्वतः विचारणें हेंच बरें. पासवर्ड, पिन आणि ओ. टी. पी. बँकेचा मनुष्यही विचारीत नाहीं, आणि यु. पी. आय. वर पैसे घेण्यास पिन लागत नाहीं, तो देण्यासच लागतो.

त्या मातोश्रींनीं लिंक उघडली, ओ. टी. पी. भरला, आणि फीसाठीं ठेवलेले अठरा हजार रुपये गेले. परंतु आम्हांस अधिक दुःख झालें तें पुढील गोष्टीचें. घरांत बोलणीं खावीं लागतील या भयानें त्यांनीं दोन दिवस कोणासही सांगितलें नाहीं.

हे दोन दिवस फार महाग असतात. चोरलेली रक्कम एका खात्यांतून दुसऱ्यांत भराभर फिरविली जाते. १९३० या क्रमांकावर लागलीच कळविल्यास ती वाटेंतील एखाद्या खात्यांत गोठविली जाण्याचा संभव असतो. शिवाय २०१७ सालच्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांत असें सांगितलें आहे कीं, ग्राहकानें स्वतःच गुप्त अंक दिला असेल तर बँकेस कळवीपर्यंतचें नुकसान त्याचें. कळविल्यानंतर होणारें नुकसान बँकेचें. म्हणून बँकेसही त्याच घटकेस कळवावें. पालकांस आमची विनंती एवढीच कीं, घरांतील कोणी फसलें तर आधीं फोन करावा. रागवावयाचें असेल तर तें मागाहून.

तिसऱ्या दिवशीं त्या विद्यार्थ्यानेंच १९३० ला फोन लावला. अठरांपैकीं चार हजार रुपये एका खात्यांत अडकलेले सांपडले.