भुलीआधीचा चहा



आपल्या एका गटातली ताई दवाखान्यात पिशवी साफ करायला गेली होती. सिस्टरनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं-प्यालं का?" ताई म्हणाली, "काही नाही." खरं तर पहाटे धार काढून झाल्यावर तिनं कपभर चहा आणि दोन बटर खाल्ले होते. गुंगीचं इंजेक्शन गेलं आणि तिला उलटी झाली. डॉक्टरांनी लगेच कुशीवर वळवलं, नळीनं घसा साफ केला, म्हणून निभावलं. नंतर ती म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर माघारी पाठवलं असतं. परत खाडा, परत एसटीचं भाडं."

तिला नावं ठेवायची नाहीत. खाडा म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. पण तो प्रश्न का विचारतात, हे तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

जागेपणी घास चुकीच्या नळीत गेला तर ठसका लागतो. गुंगीत हा ठसकाच झोपतो. पोटातलं वर आलं तर ते सरळ फुप्फुसात जाऊ शकतं आणि त्यानं जीवही जाऊ शकतो. म्हणून साधं खाणं ६ तास आधी बंद, तळलेलं किंवा मटण असेल तर ८ तास. आपल्या दुधाच्या चहालाही ६ तासच धरायचे, कारण पोटाच्या हिशेबात दूध हे खाणं आहे. साधं पाणी मात्र बहुतेक ठिकाणी २ तास आधीपर्यंत चालतं. कितीतरी बाया भीतीनं आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब घेत नाहीत, आणि मग टेबलावर बीपी खाली येतो. "पाणी कितीपर्यंत पिऊ?" असं स्पष्ट विचारा आणि सांगितलेली वेळ पाळा. चुकून काही खाल्लंच असेल तर तेही सांगा. डॉक्टर काही तास थांबतील, नाहीतर भुलीची पद्धत बदलतील.

भूल एकाच प्रकारची नसते. टाके घालताना फक्त तेवढी जागा बधिर करतात. सिझरला बहुधा पाठीत इंजेक्शन देतात, तेव्हा बाई जागी असते. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला पोटाची जागा बधिर करून वर थोडी गुंगी देतात. पूर्ण भुलीत श्वासही मशीनवर घेतला जातो. गुंगी या सगळ्याच्या मधली. हाक मारली तर 'हं' म्हणण्याइतकी हलकी असू शकते, किंवा काहीच कळणार नाही इतकी खोल.

दुर्बिणीच्या तपासणीला हल्ली पुष्कळ ठिकाणी प्रोपोफॉल वापरतात. दुधासारखं पांढरं औषध. त्यात सोयाबीनचं तेल आणि अंड्यातला एक घटक असतो, म्हणून तो रंग. शिरेत जाताना हात चुरचुरतो, मिनिटाच्या आत डोळा लागतो आणि औषध थांबवलं की थोड्या वेळात जाग येते. हाड बसवताना कधी केटामिन देतात. त्यात डोळे उघडे राहतात, माणूस बडबडतो, विचित्र स्वप्नं पडतात. नातेवाईक घाबरतात, पण तो औषधाचाच परिणाम असतो.

प्रोपोफॉल चांगलं औषध आहे, पण ते श्वास मंद करतं, बीपी उतरवतं, आणि त्याचा असर उलटवणारं दुसरं इंजेक्शन नाही. अमेरिकेतला गायक मायकेल जॅक्सन २००९ साली गेला तो याच औषधानं. झोप येत नाही म्हणून डॉक्टर त्याला ते घरी देत होते आणि जवळ धड देखरेख नव्हती. कोर्टानं २०११ साली त्या डॉक्टरला दोषी ठरवलं.

आपल्याकडे २०१६ साली वाईचं प्रकरण उघडकीस आलं. इंजेक्शन देऊन खून केल्याचा आरोप होता. तेव्हापासून 'भुलीचं इंजेक्शन' म्हटलं की काही बाया दचकतात. त्या प्रकरणात ज्या औषधाचं नाव आलं, ते गुंगीचं नव्हतं. ते स्नायू ढिले पाडणारं औषध आहे. श्वासाचेही स्नायू थांबतात, म्हणून दवाखान्यात ते श्वास देण्याची तयारी ठेवूनच देतात.

म्हणून संमतीच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी विचारा: गुंगी कोण देणार? ऑपरेशन चालू असताना माझ्या श्वासाकडे कोण बघणार? दोन्ही कामं एकट्या डॉक्टरकडे नसावीत. भूलतज्ज्ञ, नाहीतर त्याचं शिक्षण घेतलेलं वेगळं माणूस हवं. बोटाला लावायचा चिमटा कोविडमुळे आपल्याला पाठ झालाय. तो लागलाच पाहिजे. त्यासाठी नखपॉलिश काढून जा. पण नाकाला ऑक्सिजन चालू असला तर श्वास मंदावल्यावरही चिमट्यातला आकडा काही वेळ चांगलाच दिसतो. छातीची हालचाल बघणारे डोळे लागतातच. हे विचारलं म्हणून कुणी तुमच्यावर रागावलं, तरी विचारा.

आता आपल्या बाजूचं. मिश्री, तंबाखू लपवू नका. सासूबाई शेजारी उभ्या असतील तर सिस्टरना बाजूला बोलावून सांगा. बीपीच्या, साखरेच्या गोळ्या पिशवीत घालून न्या आणि त्या दिवशी कुठली घ्यायची ते आधीच विचारा. पाळी चुकली असेल, दमा असेल, झोपेत जोरात घोरत असाल, आधी भुलीचा त्रास झाला असेल, कवळी असेल, सगळं सांगा.

जाग आली म्हणजे औषध उतरलं असं नाही. सोबत मोठं माणूस हवंच. दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवू नका, चुलीपुढे एकट्या बसू नका, विळ्याला हात लावू नका. अंगावर पाजणाऱ्या आयांनी प्रोपोफॉलनंतर पूर्ण शुद्ध आली की बाळाला घ्यायला हरकत नाही, दूध काढून टाकावं लागत नाही. दुसरी औषधं दिली असतील तर तेवढं विचारून घ्या.

आणि त्या २४ तासांत कुठल्याही कागदावर सही करायची नाही. माणूस नीट बोलतंय असं वाटतं, पण नंतर त्याला आठवत नाही. गटाच्या सचिवांनी कर्जाचा अर्ज घेऊन त्या दिवशी तिच्या घरी जाऊच नये.