दादाची पद्मिनी

सातारा,
१२ जानेवारी २०२६

चि. मनू हिस काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझा मोठा मेसेज दोनदा वाचला. उत्तर मुद्दाम कागदावर लिहितोय, कारण यातलं काही तुला पुन्हा काढून बघावं लागेल आणि मोबाईलमध्ये ते सापडणार नाही.

तुझं म्हणणं असं की बाबांनी ठेवली तशीच गाडी राहू दे, कुणी हात लावायचा नाही. जावईबापूंनी पुण्यातल्या एका वर्कशॉपचं कोटेशन आणलंय, त्यात नवं इंजिन, पॉवर स्टिअरिंग, एसी आणि वर लाल मेटॅलिक रंग आहे. वहिनी म्हणतात, भंगारात द्या, जागा तरी मोकळी होईल. त्यांच्या बोलण्यात गाडीवरचा राग नाही. रोज सकाळी दार उघडलं की त्यांना ती गाडी दिसते आणि तिच्यात दादा दिसत नाही, एवढंच ते आहे. पण मला या तिन्ही गोष्टी पटत नाहीत. पहिल्यांदा तुझ्याशी बोलतो, कारण सगळ्यात जास्त माया तुझी आहे आणि आज त्या गाडीला सगळ्यात मोठा धोकाही त्याच मायेचा आहे.

उभी गाडी जशीच्या तशी राहत नाही, मनू. आत काय होतं ते सांगतो. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि खाली चिकट थर उरतो. तो बारीक जेटमध्ये बसला की चोक कितीही ओढ, इंजिन धरत नाही. ब्रेकचं ऑईल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्याने चाकांतल्या सिलिंडरना आतून गंज चढतो आणि पिस्टन जागच्या जागी अडकतात. गाडी चालू असताना ऑईल सगळीकडे फिरत असतं म्हणून सील ओले राहतात. महिनोन् महिने उभी राहिली की ते सुकतात, तडकतात, आणि चालू केल्यावर गळू लागतात. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. टाकी अर्धी रिकामी असेल तर वरच्या पत्र्याला आतून पाणी धरतं. आता तर पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. आणि तू प्रेमाने आणून घातलेलं ते निळं प्लास्टिकचं कव्हर आधी काढ. पावसाळाभर त्याच्याखाली दमटपणा कोंडला होता. परवा मी पुढच्या रबरी मॅट उचलून पाहिल्या. ड्रायव्हरच्या बाजूचा तळ चांगला आहे, पण डाव्या दरवाज्याखालचा पत्रा दाबला तर आवाज करतो. मेस्त्री म्हणाले, अजून एक पावसाळा असाच गेला असता तर तिथे नुसती लांबी भरून भागलं नसतं, पत्रा कापावा लागला असता.

दुसरं, ‘बाबांनी ठेवली तशी’ म्हणजे नक्की कशी? तू जन्मायच्या आधी, १९८६ साली ती आली, तेव्हा सीट तपकिरी रेक्झिनची होती. आज आहे ती राखाडी दादाने नंतर करून घेतली. इंजिन उतरवून बोअर झालं तेव्हा तू शाळेत होतीस. क्लच प्लेट, मागचे पाटे, रेडिएटर, सगळं एकदा ना एकदा बदललं आहे. रंग तर पूर्ण नवा दिला, फक्त छटा तीच ठेवली. यातलं काही करताना आपल्या घरात कुणालाही वाटलं नाही की आता ही वेगळी गाडी झाली. आपण ज्या गाडीवर जीव टाकला ती कधीच एका जागी थांबलेली वस्तू नव्हती. दादा दर रविवारी बोनेट उघडून उभा राहायचा, त्यातून ती थोडी थोडी त्याची होत गेली. तुझी ती अजून तशी झालेली नाही. आज तुझ्याकडे तिची आठवण आहे, आणि आठवण ठेवायला गाडी लागत नाही.

दादाला तिच्याबद्दल एवढं का वाटायचं हे तुझ्या पिढीला थोडं सांगायला हवं. त्या काळी गाडी दुकानात जाऊन घ्यायची वस्तू नव्हती. पैसे भरून नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. नंबर लागेपर्यंत मारुती ८०० बाजारात आली होती. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली आणि दोन-तीन वर्षांत सगळ्यांना तीच हवी होती. हलकी, चपळ, पेट्रोल कमी खाणारी. दादाला ऑफिसातल्या सगळ्यांनी सांगितलं, नोंदणी रद्द कर. त्याने केली नाही. तो म्हणायचा, आपल्या सोलापूरच्या माणसाने काढलेली कंपनी आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली. तोच माणूस जहाजांच्या धंद्यात इंग्रज कंपन्यांना भिडला होता आणि बंगळुरूच्या विमान कारखान्याची सुरुवातही त्यानेच केली होती. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० चं हे रूप बनत होतं, आधी ‘डिलाइट’ म्हणून, मग ‘प्रेसिडेंट’ आणि सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ म्हणून. आकार इटलीचा, पण पुढे जवळजवळ प्रत्येक सुटा भाग इथे घडत गेला. दादाला याचा अभिमान होता, आणि तो मला आजही योग्य वाटतो. शिवाय पुढची सीट सलग, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, म्हणून पुढे तिघं बसायचे. गणपतीला गावी जाताना आपलं अख्खं घर त्यात मावायचं.

पसरणी घाट तुला आठवत असेलच. उन्हाळ्यात पाचगणीला जाताना चढावर गाडी गचके द्यायला लागली की दादा कडेला घ्यायचा आणि तुला पंचा ओला करून आणायला सांगायचा. तो पंचा गाडीतल्या पेट्रोल पंपावर का ठेवायचा, हे तू कधी विचारलं नाहीस. पंप इंजिनला लागूनच आहे. चढावर इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला पेट्रोल ओढता येतं, वाफ ओढता येत नाही, म्हणून कार्बोरेटर उपाशी राहतो. ओल्या फडक्याने पंप गार झाला की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि गाडी चालू लागते. गाडीचं हे एवढं कळलं की रस्त्यात बंद पडल्यावर घाबरायला होत नाही. तुझ्याकडून मला हेच हवंय. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं साधं इंजिन आहे, कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. करंट येतोय का आणि पेट्रोल येतंय का, या दोन प्रश्नांत नव्वद टक्के आजार सापडतात. प्लग काढून बघायला, पॉईंट घासून त्यांची फट लावायला, कार्बोरेटर साफ करायला मेस्त्रींकडून शीक. इंजिनिअरिंग शिकलेली मुलगी तू. हात काळे होतील, होऊ देत.

चालवतानाचं एक-दोन. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाक. चढावर तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेव. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नकोस, कितीही घाई असली तरी.

आता जावईबापूंच्या कोटेशनबद्दल. त्यांचा हेतू चांगला आहे, हे त्यांनाही सांग. पण दुसऱ्या गाडीचं इंजिन, दुसऱ्या गाडीचं स्टिअरिंग आणि वर लाल रंग यानंतर पद्मिनीचं उरणार काय, फक्त पत्रा. शिवाय इंजिन बदललं की आरटीओची परवानगी आणि आरसी बुकावर नोंद लागते. हे वर्कशॉपवाले सांगत नाहीत. त्या खर्चाच्या चौथाईत गाडी मुळासारखी उत्तम होईल. मात्र जुनं ते सगळं सोनं असंही मी म्हणत नाही. या गाडीला सीटबेल्ट नाहीत, ते बसवून घे, मागेसुद्धा. रबराचे सगळे पाईप, पेट्रोलचे आणि ब्रेकचे, नवे टाक. पेट्रोलचे पाईप इथेनॉलला टिकणारे माग. टायर जुने झालेत, बदल. हेडलाईटची वायरिंग बघून घे. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आहेत, आजच्या गाड्यांसारखे चटकन लागत नाहीत, म्हणून पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेव आणि एक्सप्रेस वेवर तिला नेऊ नकोस. ती वेगळ्या वेगाच्या रस्त्यांसाठी बनलेली आहे. छोट्या ओवीला त्यातून नेशील तेव्हा मागे, बेल्ट लावून. या बाबतीत हौस चालणार नाही.

कागदांचं काम तातडीचं आहे. दादाचं वर्षश्राद्ध होऊन गेलं आणि गाडी अजून त्याच्याच नावावर आहे. मालक गेल्यावर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो. सोबत मृत्यूचा दाखला आणि वहिनींची, तुझ्या भावाची संमती लागेल. मुदत उलटून गेली आहे, दंड भरावा लागेल, भरून टाक. नोंदणीची पंधरा वर्षं २००१ ला संपली, त्यानंतर दादा दर पाच वर्षांनी फिटनेस करून वाढवून घेत आला. आताची मुदत येत्या ऑगस्टला संपते. शुल्क अलीकडे बरंच वाढलंय, पर्यावरण कर वेगळा. तरी करून घे. ‘व्हिंटेज’ नोंदणीबद्दल तू विचारलंस. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, म्हणजे आपल्याला २०३६ पर्यंत थांबावं लागेल. आणि तेव्हाही घाई करू नकोस. ती पाटी लागली की गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायलाच रस्त्यावर आणता येते. भाजी आणायला जाता येत नाही. फिटनेस मिळतोय तोवर साधी नोंदणीच ठेव.

सुट्या भागांची काळजी मात्र खरी आहे. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी हजारोंनी धावत होत्या तोवर त्यांच्यासाठी कुणी ना कुणी पंप, किट, क्लच बनवत होतं. गाडीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं तरी टॅक्सीवाल्यांमुळे बाजार जिवंत राहिला. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा होती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत अधिकृतपणे एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. टीव्हीवर लोक तिला निरोप देत होते तेव्हा दादा गप्प बसून होता. मग म्हणाला, आता पार्ट मिळायचे नाहीत. त्याच आठवड्यात तो पुण्याला नाना पेठेत जाऊन वॉटर पंप, डिस्ट्रिब्यूटर कॅप, कार्बोरेटरचं किट आणि व्हील सिलिंडरचे किट घेऊन आला. ते सगळं माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहे. त्याची हिरवी वहीही तिथेच आहे, ऑईल कधी बदललं, ग्रीसिंग कधी झालं, पेट्रोल किती लागलं, सगळं त्याच्या अक्षरात. तुला काही जसंच्या तसं जपायचं असेल तर ती वही जप. आणि पुढची नोंद तू कर, त्याच वहीत.

आता कठीण भाग लिहितो. तू कोथरूडला, गाडी इथे. दोन महिन्यांतून एकदा येऊन तिच्या बोनेटवरून हात फिरवायचा, यात गाडी टिकणार नाही. दर आठवड्याला निदान वीस-पंचवीस किलोमीटर, इंजिन नीट तापेपर्यंत, ती चालली पाहिजे. नुसती जागेवर चालू करून पाच मिनिटांत बंद करणं चालू न करण्यापेक्षा वाईट, कारण त्याने सायलेन्सरमध्ये आणि ऑईलमध्ये पाणी साठतं. सोसायटीत जागा मिळत असेल आणि रविवारची सकाळ देणार असशील, तर गाडी घेऊन जा. नोकरी, ओवी, सासूबाईंचं आजारपण, यात ते जमणार नसेल तर त्यात कमीपणा काही नाही. तसं असेल तर चालवणाऱ्याला दे. मेस्त्रींकडे चार वर्षं काम करणारा मुलगा आहे, जमेल तेवढे पैसे तो हप्त्याने देईल आणि ती गाडी रोज धावती ठेवेल. तिला आपल्या फॅक्टरीच्या लॉबीत ठेवू इच्छिणाऱ्या एका माणसाने मला दुप्पट रक्कम सांगितली आहे. माझं मत मुलाच्या बाजूने आहे, आणि दादाचंही तेच असतं असं मी खात्रीने सांगतो. त्याने आयुष्यात ती कधी दाखवायला काढली नाही. वहिनींना दवाखान्यात न्यायला, तुला परीक्षेला सोडायला, शेजारच्या आजींच्या अंत्ययात्रेला, मध्यरात्री कुणाच्या बाळंतपणाला ती निघायची. अर्ध्या आळीची ती गाडी होती, आणि त्याला तेच आवडायचं.

निर्णय तुझा. मी वहिनींशी बोलतो, उन्हाळ्यापर्यंत भंगारवाल्याचं नाव त्या काढणार नाहीत. तू संक्रांतीनंतरच्या शनिवारी ये. बॅटरी नवी बसवून ठेवली आहे, टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरायचं आणि ब्रेक उघडायचे, ते काम तुझ्या हातून करायचं असं मेस्त्रींशी ठरलं आहे. येताना जुने कपडे घाल, दादाचा मृत्यूचा दाखला आणि तुझ्या भावाचं संमतिपत्र बरोबर आण. सोमवारी आपण दोघं आरटीओत जाऊन येऊ.

जावईबापूंना नमस्कार, ओवीला पापा.

तुझा,
काका